पावसाळ्यातलं चंदेरी मिग: एका बिघडलेल्या रंगकामाचं प्रकरण

उघड्या धातूच्या रंगातलं मिग-२१ या लढाऊ विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल, १/४८ प्रमाण (मूळ विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं), जुलै महिना आणि ठाणे. विमानांची मॉडेलं करणारा कुणीही हे ऐकून पहिला प्रश्न हवेतल्या ओलाव्याचा विचारेल. या प्रकरणात ओलावा होताच, पण त्याच्या जोडीला आणखी दोन दोष त्याच मॉडेलवर एकमेकांत मिसळून बसले होते आणि तिन्हींचं खापर एका रंगाच्या बाटलीवर फुटत होतं. कोकणपट्टीत दर पावसाळ्यात कुणाचं ना कुणाचं मॉडेल असं बिघडतं आणि मग ते खोक्यात बंद होऊन माळ्यावर जातं. म्हणून हे प्रकरण सगळ्या तपशिलांसह लिहितो आहे.

मॉडेल कुणाचं, कशासाठी

मुलगा पंचविशीतला, मूळचा नाशिकचा, नोकरीसाठी ठाण्यात भाड्याच्या खोलीत राहणारा. त्याचे आजोबा ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात फिटर होते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ओझरला मिग-२१ चा एफएल हा प्रकार तयार होऊ लागला. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी कामाची वाटणी होती. वायुसेनेत या विमानाला टाइप ७७ म्हणत. पुढे ओझरलाच मिग-२१ एम आणि मग बिस हे नंतरचे प्रकार झाले. ही सगळी मिळून सहाशेच्या वर विमानं त्या कारखान्यातून बाहेर पडली. आजोबांच्या मनात मात्र पहिली एफएलच होती: रंग न दिलेली, उन्हात डोळे दिपवणारी.

एफएल वायुसेनेतून डिसेंबर २०१३ मध्ये कलाईकुंड्याला निवृत्त झालं होतं. उरलेल्या मिग-२१ चा निरोप २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला ठरला होता. त्या दिवशी आजोबांच्या हातात त्यांचं विमान द्यायचं, असं नातवानं ठरवलं होतं. ही तारीख लक्षात ठेवा, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्यामुळे झाले. तारीख नसती तर मी त्याला सरळ सांगितलं असतं की दिवाळीनंतर नाशिकला जा आणि कोरड्या हवेत रंगव.

मॉडेल जोडायचा संच एदुआर्द या चेक कंपनीचा. या कंपनीने २०११ पासून १/४८ मध्ये मिग-२१ ची मालिका काढली, त्यातल्या पीएफ या प्रकारावरून हे एफएल केलं होतं. पीएफ आणि एफएल एकाच कुळातली. एफएलमध्ये अंगची तोफ नाही, पोटाखाली जीपी-९ नावाचा तोफेचा पॉड, म्हणजे टांगता डबा लावतात. पिटो नळी, म्हणजे हवेचा वेग मोजणारी लांब नळी, नाकाच्या वरच्या ओठावर. पंखांचा पल्ला मूळ विमानात ७.१५४ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १५ सेंटिमीटरला मिलिमीटरभर कमी. हातात मावेल एवढी वस्तू आहे, आणि जवळून पाहिली जाते.

जोडणी त्याने चांगली केली होती. नाकात वजन भरलं होतं, त्यामुळे मॉडेल शेपटीवर बसत नव्हतं. मागच्या धडाचा जोड तर त्याने मुद्दाम राखला होता, याचं मला विशेष वाटलं. मिग-२१ चं इंजिन काढायचं तर शेपटीकडचा अख्खा भाग वेगळा करावा लागतो, म्हणून तिथली गोलाकार रेघ खरी असते. पाठीवरून आणि पोटाखालून जाणारी उभी शीव मात्र फक्त संचाची असते, ती घासून पूर्ण नाहीशी झालीच पाहिजे. नवशिके बरेचदा उलट करतात.

काय बिघडलं होतं

त्याने मॉडेल आणलं आणि म्हणाला, "काका, बाटलीच खराब निघाली. दुसरी मागवू का?" बाटली बाहेरून मागवलेली, लॅकर प्रकारच्या (झपाट्याने सुकणाऱ्या) धातूरंगाची. महागही होती आणि यायला वेळ लागला असता.

मी मॉडेल खिडकीपाशी नेऊन भिंगातून पाहिलं. डाव्या पंखावर पांढुरकी झाक होती, कुणी ओल्या फडक्याने पावडर पुसावी तशी. उजवा पंख बऱ्यापैकी चकचकीत होता. शेपटीच्या उभ्या पंखावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे होते, प्रत्येकाभोवती एक कडा. आणि पाठीच्या कण्यावर, जिथे दोन अर्धी धडं जुळतात तिथे, झाक नव्हती, खड्डेही नव्हते, पण धातू मेलेला दिसत होता. राखाडी आणि खरखरीत.

एकाच बाटलीतला रंग एकाच विमानावर तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी बिघडत असेल, तर बाटलीवर संशय घ्यायला जागा फारशी उरत नाही. शिवाय हा रंग बाटलीतून थेट एअरब्रशमध्ये, म्हणजे काँप्रेसरच्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनमध्ये ओततात, त्यात थिनर मिसळावा लागत नाही. मिसळलं होतं ते त्याच्या खालच्या थरात. धातूरंगाच्या खाली चकचकीत काळा लॅकर मारतात, तो त्याने हार्डवेअरच्या दुकानातल्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने पातळ केला होता.

कारण कसं सापडलं

पहिला धागा चाकांच्या कप्प्यात मिळाला. तिथे मास्किंग (टेपने झाकलेलं) असल्यामुळे धातूरंग पोचला नव्हता, पण कडेला खालच्या काळ्याची एक पट्टी उघडी राहिली होती. डाव्या कप्प्यातली पट्टी राखेसारखी पांढुरकी, उजव्यातली काळीभोर. म्हणजे बिघाड चंदेरी थराच्या आधीच झाला होता आणि वरचा थर तो फक्त दाखवत होता.

दुसरा धागा त्याच्या फोनमध्ये. हल्लीची मुलं प्रत्येक टप्प्याचा फोटो काढतात, हे फार चांगलं आहे. फोटोंच्या वेळा लावून पाहिल्या तेव्हा उजवा पंख दुपारी, पाऊस थांबलेला असताना रंगवलेला दिसला. डावा पंख संध्याकाळी. त्या फोटोत मागची खिडकी उघडी आणि बाहेर पाऊस धो धो.

लॅकरचा थिनर झपाट्याने उडतो. उडताना तो पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो आणि रंगाचा ओला थर काही अंश थंड होतो. हवा २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे थर तीन अंशांनी थंड झाला तरी हवेतलं पाणी त्याच्यावर जमायला लागतं. ते पाणी ओल्या लॅकरमध्ये शिरतं, राळ नीट विरघळलेली राहत नाही, आणि सुकल्यावर पांढरी झाक उरते. फर्निचरला लॅकर मारणारे पॉलिशवाले हे पिढ्यानपिढ्या ओळखून आहेत. भर पावसात ते हे काम घेत नाहीत, घेतलंच तर थिनरमध्ये रिटार्डर घालतात. रिटार्डर म्हणजे सावकाश उडणारं द्रावक: थर कमी थंड होतो आणि शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळतो.

खड्ड्यांचं कारण वेगळं होतं. ते फक्त शेपटीवर होते आणि फोटोंप्रमाणे शेपटी प्रत्येक वेळी शेवटी रंगवली होती. काँप्रेसर बराच वेळ चालला की टाकीतली हवा तापलेली असते. हवा दाबली की तापते आणि मग थंड होताना तिच्यातलं पाणी सुटतं. त्याचा पाणी अडवणारा ट्रॅप थेट काँप्रेसरच्या तोंडाशी बसवलेला होता. तिथे हवा गरम, पाणी वाफेच्या रूपात, त्यामुळे ते ट्रॅपमधून सरळ निघून जायचं आणि पुढे लांब नळीत गार होऊन थेंब व्हायचं. मग नोझलमधून रंगाबरोबर एखादा थेंब उडायचा. आम्ही एअरब्रश काढून नळीतून पांढऱ्या कागदावर नुसती हवा मारली. थोड्या वेळाने कागदावर ओले ठिपके उठले.

पाठीचा कणा सगळ्यांत सोपा निघाला. शीव घासून ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर थांबवली होती. हिरव्या-तपकिरी छद्मावरणाखाली हे चालून जातं. धातूरंगाखाली चालत नाही. त्या रंगात अॅल्युमिनियमचे अतिसूक्ष्म चपटे कण असतात. खालचा पृष्ठभाग आरशासारखा असेल तर ते कण सपाट निजतात आणि प्रकाश एका दिशेने परत येतो. खाली ओरखडे असतील तर कण वाकडेतिकडे बसतात, प्रकाश विखुरतो, आणि आपल्याला धातूऐवजी राखाडी रंग दिसतो.

इथवर सगळा तर्कच होता. तो तपासायला चार प्लॅस्टिकचे चमचे घेतले. दोन चमच्यांवर एनसी थिनरमधला काळा, दोनांवर मिस्टर कलर या ब्रँडच्या लेव्हलिंग थिनरमधला. या थिनरमध्ये रिटार्डर आधीच असतो. प्रत्येक जोडीतला एक चमचा उघड्या गॅलरीत रंगवला, एक एसी लावलेल्या खोलीत. गॅलरीतला एनसीचा चमचा डोळ्यांदेखत पांढरा पडला. गॅलरीतला लेव्हलिंगचा जरा मंद झाला, पण काळा राहिला. खोलीतला एनसीचा स्वच्छ सुकला, फक्त संत्र्याच्या सालीसारखा बारीक पोत आला. खोलीतल्या लेव्हलिंगच्या चमच्यात खिडकीचे गज दिसत होते. त्या शेवटच्या चमच्यावर 'खराब' बाटलीतला धातूरंग मारला. असा सुंदर ड्युरॅल्युमिन (विमानाच्या पत्र्याचा अॅल्युमिनियम मिश्रधातू) उमटला की मुलगा काही बोललाच नाही, चमचा हातात फिरवत राहिला.

रंगाची पुढची बाटली मागवण्याआधी चमचे रंगवा, एवढं मी सगळ्यांना कळकळीने सांगतो. चमच्याला पंखासारखी वक्रता असते, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहता येते आणि फुकट जातं ते काही पैशांचं प्लॅस्टिक.

कुठला रस्ता घ्यायचा

झाकेवर सावकाश उडणारा थिनर हलकासा फवारला तर लॅकर पुन्हा विरघळतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. साध्या चकचकीत रंगावर ही युक्ती काम करते. इथे वर धातूचा थर होता. तो हलला असता तर कण पोहून डाग पडले असते, म्हणून ती सोडली.

स्वयंचिकट धातूच्या पातळ पत्र्याने मॉडेल मढवता येतं. त्याला आर्द्रतेची बाधा नाही. त्रिकोणी सपाट पंखांवर ते छान बसलं असतं, पण कणा आणि नाकाच्या गोलाईवर सुरकुत्या आवरणं पहिल्याच वेळी अवघड. पाण्यात विरघळणारे धातूरंग, उदाहरणार्थ वायेहो कंपनीचे, हाही पावसाळ्यातला चांगला पर्याय आहे. द्रावक झपाट्याने उडत नसल्यामुळे पांढरं पडण्याचा प्रश्न येत नाही. पण त्यांची पकड लॅकरपेक्षा कमी, टेप काढताना सोलून येतात, आणि या मॉडेलवर टेपचं काम भरपूर होतं.

आणखी एक मार्ग मी सुचवला: विमान १९७१ चं करायचं. युद्धाच्या तोंडावर चंदेरी मिगना छद्मावरणाचे रंग दिले गेले होते. १२ डिसेंबर १९७१ ला जामनगरच्या ४७ स्क्वाड्रनमधून फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी मिग-२१ एफएलमधून कच्छच्या आखातावर पाकिस्तानी एफ-१०४ लढाऊ विमान पाडलं. मोठा विषय आहे, आणि मॅट रंग दोष पोटात घालतात. मुलगा म्हणाला, "काका, आजोबांनी ते रंगवलेलं पाहिलं असेलही. पण ते सांगतात ते चकाकणारंच." हा युक्तिवाद मला पूर्ण पटला. मॉडेल कुठल्या क्षणाचं करायचं हे करणाऱ्याने ठरवायचं असतं आणि एकदा ठरवलं की त्याला धरून राहायचं असतं. मग उरला एकच रस्ता: सगळा रंग उतरवायचा आणि लॅकरनेच पुन्हा करायचं, हवा बदलून.

दुसऱ्यांदा

कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच, पांढऱ्या डिंकावर नुसती टेकवलेली होती, ती आधी सोडवली. मॉडेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवलं आणि सकाळी जुन्या टूथब्रशने रंग काढला. हातमोजे घालून, गॅसपासून लांब. एनसी थिनरने पुसायचा मोह होतो, तो टाळा. त्याने पॉलिस्टायरीनच वितळतं. पत्र्याचे काही बारीक भाग निघून आले, ते पुन्हा चिकटवले. खाचांमध्ये थोडा प्रायमर (सगळ्यांत खालचा अस्तर-रंग) राहिला, तो तसाच ठेवला.

कणा ८००, १०००, २००० असा चढत्या क्रमाने घासला, पाणी लावून, प्रत्येक पेपर आधीच्या ओरखड्यांना आडवा. शेवटी बोटाने चाचपून. शीव डोळ्याआधी बोटाला कळते.

हवेचा भाग सगळ्यांत नाजूक होता. एसी लावून खोली २६ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेवर आणली की दवबिंदू १६ अंशांवर जातो आणि हाताशी दहा अंशांची मोकळीक मिळते. स्वस्तातला डिजिटल आर्द्रतामापक टेबलावर ठेवला. पण बंद खोलीत लॅकर फवारणं हा फुप्फुसांशी खेळ आहे. धूर ओढणारा पंखा लावायलाच हवा, आणि पंखा लावला की दाराच्या फटीतून बाहेरची ओली हवा आत येते. दोन्ही साधायचं म्हणून आधी खोली कोरडी करायची, मग पंखा सुरू करून काही मिनिटांत एक थर मारायचा, आर्द्रतेचा आकडा चढायला लागला की थांबायचं, खोली पुन्हा कोरडी होऊ द्यायची. तोंडावर सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या काडतुसांचा मास्क, कापडी मास्क यात काहीच अडवत नाही. खोलीत एकट्यानेच असायचं, आणि खाणंपिणं, उदबत्ती, निरंजन काहीही नाही.

मॉडेल हवेपेक्षा गार असता कामा नये, म्हणून खोक्यात ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून त्यात मॉडेल कोमट ठेवलं. आत थर्मामीटर, चाळिशीच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. थर सुकवायलाही तेच खोकं. हेअर ड्रायर मात्र लांब ठेवा. त्याची उष्णता एका जागी पडते आणि पंखाची पातळ कड वाकते. ट्रॅप काँप्रेसरपासून काढून नळीच्या दुसऱ्या टोकाला, एअरब्रशच्या मुठीजवळ आणला. टाकीतलं पाणी दर बैठकीआधी सोडून दिलं. खड्डे पुन्हा दिसले नाहीत.

काळा थर लेव्हलिंग थिनरमध्ये, आधी धुक्यासारखा, मग ओला. पूर्ण मुरल्यावर धातूरंग कमी दाबावर, अगदी पातळ थरांत. या रंगात जास्त मारलं की चमक वाढत नाही, उलट मरते. काळा झाकला गेला त्या क्षणी थांबायचं.

इथे माझं एक ठाम मत आहे. हल्ली चंदेरी विमानाचा प्रत्येक पत्रा वेगळ्या छटेत रंगवायची पद्धत पडली आहे. त्याने विमानाचा बुद्धिबळाचा पट होतो. खऱ्या विमानात पत्र्यांचा फरक असतो, पण प्रकाश विशिष्ट कोनात आला की दिसतो, एरवी नाही. आम्ही मोजक्याच पत्र्यांना किंचित गडद छटा दिली आणि शेपटीचा इंजिनाच्या तोंडाजवळचा भाग तापलेल्या पोलादाचा केला. पॅनेल लाइनमधला, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघांत सोडतात तो पातळ गडद रंगाचा वॉशही अगदी हलका. हे विमान कारखान्यातून नुकतंच निघालेलं आहे, त्यावर धुळीचं आणि तेलाचं काय काम? टेप आधी हाताच्या पाठीवर चिकटवून तिची पकड कमी केली. तरी उजव्या आडव्या शेपटीच्या टोकाला एक टिकली सोलून आलीच. ती तशीच राहिली आहे, कारण तिथे दुरुस्ती केली असती तर आजूबाजूचा थरही गेला असता.

नाकाचा शंकू आणि शेपटीचं टोक गडद हिरवं, चाकांच्या बशा उजळ हिरव्या.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, बसवण्यासाठी ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) मारला नाही. पारदर्शक थर धातूचा जीव घेतो. डेकलखाली हवा अडकून चंदेरी दिसतं ते खडबडीत पृष्ठभागावर, आणि हा पृष्ठभाग आता काचेसारखा होता. डेकल नीट बसवणारी मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही द्रावणं आधी चमच्यावर तपासून घेतली. अडचण निराळीच आली: तिरंगी वर्तुळाच्या राष्ट्रचिन्हातला पांढरा पातळ छापलेला होता, खालचा धातू त्यातून डोकावून तो मळका दिसत होता आणि केशरीही उतरला होता. डेकलच्या कोऱ्या पांढऱ्या कागदातून अचूक मापाच्या चकत्या कापून त्या आधी बसवल्या, त्यांवर राष्ट्रचिन्ह. तिन्ही रंग उठून आले. पावसाळ्यात डेकलखालचं पाणी लवकर सुकत नाही, म्हणून टिशूने टिपून मॉडेल पुन्हा बल्बच्या खोक्यात.

पिटो नळी या सगळ्या उलाढालीत मोडली होती. तिच्या जागी पितळेची बारीक नळी लावली. संचातल्या प्लॅस्टिकच्या नळीपेक्षा ती सरळ आणि टणक बसते. पिटो नेहमी अगदी शेवटी लावावी.

मॉडेल नाशिकला गेलं ते घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. २६ सप्टेंबरला टीव्हीवर चंदीगडचा सोहळा चालू असताना आजोबांनी ते हातात घेतलं. मागच्या धडाच्या जोडावर बोट ठेवून इंजिन कसं ओढून काढायचे ते त्यांनी नातवाला समजावलं. मग विमान उलटं करून चाकं पाहिली आणि म्हणाले, "हिरवा चुकला. एवढा पोपटी नव्हता." मी सुचवलेली छटा तयार बाटलीतली होती. आता नातू दिवाळीला हिरवा, निळा आणि थोडा पांढरा घेऊन जाणार आहे, चाकं तशीही नुसती दाबून बसवलेली आहेत. आजोबा शेजारी बसून छटा जुळवून घेणार आहेत.